गाठ सापडल्यावर कुणाला सांगायचं?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे बघा' थोडं कमी केलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

विषय ऐकून काही जण एपिसोड पुढे ढकलतील, म्हणून तो आधीच सांगून टाकते. आज स्तनांच्या तपासणीबद्दल बोलायचंय. लोकलमध्ये असाल, घरात सगळे बसले असतील, तर हेडफोन लावा. पण ऐका. आणि मुलांनो, तुम्हीही थांबा. तुमच्या घरात आई आहे, आजी आहे, बहीण आहे, आणि घरातला फोन बहुतेक वेळा तुमच्याच हातात असतो.

मी डॉक्टर नाही. बी.टेक. केलंय, पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. गेली दीड-दोन वर्षं मी एका छोट्या टीमबरोबर एक मराठी धडा बनवतेय. बाईला स्वतःची छाती हाताने कशी तपासायची, काय बघायचं, काय जाणवलं तर काय करायचं, हे फोनवर शिकवणारा धडा. त्यात आवाज आहे, हलती चित्रं आहेत, बोटाने करून बघायचं आहे, प्रश्न आहेत. पूर्वी असल्या गोष्टी सीडीवर यायच्या आणि त्यांना मल्टिमीडिया म्हणायचे. आता त्याच गोष्टीला ॲप म्हणतात. आमचं अजून प्ले स्टोअरवर नाही, काही आशाताईंच्या फोनवर आहे आणि बचत गटाच्या बैठकांत वापरतात. त्यामुळे ही जाहिरात नाही. डाउनलोड करायला तुमच्यासाठी काही नाहीये. बनवताना जे कळलं ते सांगायचंय.

आधी तपासणी नक्की काय असते ते सांगते, कारण माझ्या वयाच्या, शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या मैत्रिणींनाही ती नीट माहीत नसते. 'गाठ आहे का बघायची' एवढंच माहीत असतं. कशी, ते नाही.

आधी बघायचं. आरशासमोर, हात खाली सोडून, मग हात वर करून. आकारात नवीन फरक पडलाय का. त्वचा कुठे ओढली गेल्यासारखी, खळी पडल्यासारखी, किंवा संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्याखड्ड्यांची दिसते का. बोंड आत ओढलं गेलंय का, म्हणजे आधी बाहेर होतं आणि आता आत गेलंय असं. बोंडावर न बरी होणारी खरूज किंवा जखम. दूध पाजत नसताना, न पिळता आपोआप येणारं पाणी, विशेषतः रक्तासारखं.

मग हाताने. आडवं पडायचं, ज्या बाजूची तपासणी त्या बाजूचा हात डोक्याखाली. दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं घ्यायची, आणि बोटांची टोकं नाही, पेरांचा गादीसारखा भाग. चिमटीत धरून बघायचं नाही. चिमटीत धरलं की प्रत्येकच ठिकाणी गाठ लागते आणि बाई घाबरते. छोटी छोटी वर्तुळं करत जायचं, आणि प्रत्येक जागी तीन वेळा दाबायचं: आधी हलकं, मग मध्यम, मग खोल, बरगड्या जाणवतील इतकं. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खाली दुमडीपर्यंत, छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत. काख विसरायची नाही.

ही तीन बोटं, तीन दाब आणि सरळ पट्ट्यांची पद्धत अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात हेन्री पेनिपॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून अभ्यासून बसवली. हे गृहस्थ वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी सिलिकॉनचे स्तन बनवले, आत वेगवेगळ्या आकाराच्या गाठी ठेवल्या आणि माणसाच्या बोटांना शिकवता येतं का, हे मोजलं. येतं. बोटं शिकतात. जर्मनीत फ्रँक हॉफमन नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तर अंध बायकांना याचं व्यावसायिक प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि दिल्लीतही अंध मुलींना तसं प्रशिक्षण दिलं गेलंय. छातीवर ठिपक्यांच्या चिकटपट्ट्या लावतात आणि बोटांनी सेंटिमीटर-सेंटिमीटर तपासत जातात. मला हे फार आवडतं.

आता सरळ पट्ट्या. गोल गोल फिरण्यापेक्षा वर-खाली पट्ट्यांमध्ये गेलं की जागा कमी सुटते. पण हे मराठीत सांगायचं कसं? आमच्या पहिल्या मसुद्यात 'उभ्या समांतर पट्ट्यांमध्ये' असं होतं. भूमितीचा तास वाटत होता. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही हे दाखवत होतो, तेव्हा मागे बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "अगं, खुरपताना पात धरतो तसं." झालं. शेतात खुरपायला बायका ओळीने बसतात, प्रत्येकीची एक पात, ती संपली की बाजूची धरायची, मधे जागा सोडायची नाही, सोडली तर मुकादम बोलतो. त्या दिवसापासून आमच्या धड्यात 'पात' आहे. शहरातल्या बायकांसाठी वेगळा शब्द ठेवावा का, यावर चर्चा झाली. मी म्हटलं राहू दे, चित्र समोर आहे, कळतं.

आता माझ्या कामाचा भाग. नुसता व्हिडिओ का नाही? यूट्यूबवर ढिगाने आहेत. पण व्हिडिओ बघून पोहायला येत नाही तसंच हेही. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. आमच्या धड्यात पडद्यावर रेखाचित्र येतं आणि बाई स्वतः बोट फिरवते. जिथून बोट गेलं तो भाग रंगतो. शेवटी न रंगलेला भाग दिसतो. जवळपास प्रत्येकीची काख पांढरी राहते. आणि गळ्याच्या हाडाजवळचा भाग. एकदा ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की दुसऱ्यांदा विसरत नाहीत. व्हिडिओला हे जमत नाही, कारण तुमचं काय सुटलं ते त्याला माहीतच नसतं.

पण दाब? इथे आमची गाडी अडली. फोनच्या काचेला बोट कुठे आहे ते कळतं, किती जोरात दाबलंय ते बहुतेक अँड्रॉइड फोनना कळत नाही. प्रोग्रॅममध्ये दाबाचा आकडा मागता येतो, तो मिळतोही, पण तो बरेचदा बोटाचा किती भाग काचेला टेकला त्यावरून केलेला अंदाज असतो. जाड बोटाची बाई हलकं दाबूनही 'खोल' दाखवणार. आयफोनमध्ये २०१५ पासून काही वर्षं खराखुरा दाब ओळखणारा पडदा होता, २०१९ च्या मॉडेलांत तोही काढून टाकला. आणि तसाही गावातल्या बाईकडे आयफोन कुठून असणार. शिवाय काच कडक, शरीर मऊ. काचेवर शिकलेला दाब शरीरावर उपयोगाचा नाही.

म्हणून धड्याच्या मधोमध आम्ही एक गोष्ट केली जी कुठलाच ॲपवाला खुशीने करणार नाही. फोन खाली ठेवायला सांगतो. आवाज म्हणतो, "आता थोडी मळलेली कणीक आणा. कुणाला तरी त्यात एक चिंचोका लपवायला सांगा." मग कणकेच्या जाड गोळ्यात तीन बोटांनी, तीन दाबांनी चिंचोका शोधायचा. हलक्या दाबाने सापडत नाही, खोल दाबल्यावर सापडतो. बचत गटाच्या बैठकीत याची स्पर्धाच लागते, हशा होतो, आणि लाजेचा विषय अर्ध्या तासात खेळाचा होतो. अर्थात कणीक म्हणजे शरीर नव्हे. स्तन मुळातच थोडा गाठीगाठीचा, दाणेदार असतो, पाळीच्या आधी जास्तच. म्हणून आवाज हेही सांगतो की पाळी येऊन गेल्यावर काही दिवसांनी, छाती दुखरी नसताना बघा, आणि आपलं 'नेहमीचं' काय आहे ते ओळखून ठेवा. नेहमीपेक्षा वेगळं काही जाणवलं, तरच पुढचं.

चित्रांचंही सांगते. खरे फोटो वापरायचे नाहीत हे लवकर ठरलं. बाई तो फोन घरात, सासऱ्यांसमोर, मुलांसमोर उघडणार. आणि इंटरनेटवर हा विषय टाकणं हेही एक दुखणंच आहे. २०१६ साली स्वीडनच्या कॅन्सर संस्थेने नुसत्या गुलाबी गोलांचे स्तन काढून एक व्हिडिओ केला, तर फेसबुकने तो काढून टाकला. संस्थेने मग गोल काढून चौकोनी स्तन दाखवले! फेसबुकला माफी मागावी लागली. त्याच वर्षी अर्जेंटिनात एका संस्थेने जाड पुरुषाच्या छातीवर तपासणी करून दाखवली, कारण पुरुषाच्या बोंडाला बंदी नाही. पुढे २०२० मध्ये ब्राझीलमधली अशीच एक माहितीची पोस्ट इंस्टाग्रामच्या यंत्रणेने आपोआप उडवली, ते प्रकरण कंपनीच्या ओव्हरसाइट बोर्डापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये निकाल पोस्टच्या बाजूने लागला. मशीनला नग्नता कळते, आजार कळत नाही. मी त्या धंद्यातली आहे म्हणून सांगते, मशीनला तसं शिकवणारी माणसंच असतात.

लिंबांचं चित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. अंड्यांच्या ट्रेमध्ये बारा लिंबं, प्रत्येकावर एक लक्षण. कोरिन ब्यूमाँट या डिझायनरची कल्पना, २०१७ मध्ये ते जगभर फिरलं. सुंदर कल्पना आहे, भाषा लागत नाही. आम्ही तसंच करून बघितलं. एका लिंबावर खड्डा, एकावर लाल डाग. बायका गप्प. मग एक आजी म्हणाल्या, "हे कुणाच्या दारात टाकायचंय?" उतारा! टोचलेलं, डाग पडलेलं लिंबू म्हटलं की आपल्याकडे दुसरं काय आठवणार. लिंबं गेली.

आता शब्द. हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा होता, आणि तो कोडमध्ये नव्हता.

'स्तन' हा शब्द आम्ही आवाजात वापरला होता. शुद्ध आहे, पुस्तकात आहे. बायकांना समजतो पण आपला वाटत नाही, दवाखान्याच्या पाटीवरचा वाटतो. बायका 'छाती' म्हणतात. म्हाताऱ्या बायका आणखी जुने शब्द वापरतात, ते रेकॉर्डिंगमध्ये म्हणायला आमची आवाज देणारी मुलगी तयार नव्हती. शेवटी 'छाती' ठेवलं आणि लक्षणं सांगताना एक-दोनदा 'स्तन', म्हणजे डॉक्टरांकडे ऐकलं तर ओळखीचं वाटावं.

पण खरी अडचण 'दुखणं' या शब्दाने केली. विचार करा. मराठीत आजाराला आपण काय म्हणतो? दुखणं. 'त्याला मोठं दुखणं झालं.' वेदनेला काय म्हणतो? दुखणं. एकच शब्द. मग जे दुखत नाही, ते दुखणं कसं असेल? आम्ही बायकांना विचारायचो, गाठ हाताला लागली तर काय कराल? उत्तर जवळजवळ ठरलेलं. "दुखली तर दाखवू." लेकुरवाळी बाई म्हणायची, "दूध साकळलं असेल." आणि स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. हाताला कडक लागते, आणि दुखत नाही. म्हणजे आमच्या भाषेतलं सगळ्यात घरगुती शहाणपण नेमकं इथे उलटं पडतं. त्यावर आपल्याकडे आणखी एक वाक्प्रचार आहे, दुखणं अंगावर काढणं. आणि ते काढणाऱ्या बाईचं कौतुक होतं, हे वेगळंच.

हे नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ते वेगळे आजार आहेत, पण गप्प बसणं तेच.

आमच्या धड्यात आता एक अख्खा पडदा फक्त एका वाक्याचा आहे. "न दुखणारी गाठ आधी दाखवायची." आवाज ते दोनदा म्हणतो. पुढे जा हे बटण तोपर्यंत येत नाही. माझ्या क्षेत्रात हे असभ्य समजतात, वापरणाऱ्याला अडवायचं नाही म्हणतात. इथे अडवते मी.

आता थोडं अवघड बोलायचंय, आणि बहुतेक जनजागृतीवाले इथे गाळतात.

'दर महिन्याला स्वतः तपासा, जीव वाचवा.' हे वाक्य तुम्ही पोस्टरवर वाचलं असेल. ते खरं आहे का, हे कुणी मोजलंय का? मोजलंय. चीनमध्ये, शांघायच्या कापड गिरण्यांमध्ये. १९८९ ते १९९१ मध्ये सुरू झालेला प्रयोग. २,६६,०६४ बायका. अर्ध्या गिरण्यांतल्या बायकांना स्वतपासणी नीट शिकवली, सिलिकॉनचे नमुने देऊन, पुन्हा पुन्हा उजळणी घेऊन, पाच वर्षं दर सहा महिन्यांनी समोर करून घेऊन. अर्ध्यांना नाही. साधारण दहा वर्षांनी मृत्यू मोजले. शिकवलेल्या गटात स्तनाच्या कॅन्सरने १३५ बायका गेल्या. न शिकवलेल्या गटात १३१. २००२ मध्ये हा निकाल छापून आला. फरक शून्य. वर शिकवलेल्या बायकांना साध्या, निरुपद्रवी गाठींसाठी बायोप्सी जास्त कराव्या लागल्या. त्यानंतर अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपली शिफारस आधी ऐच्छिक केली, २०१५ मध्ये सर्वसाधारण जोखीम असलेल्या बायकांसाठी काढूनच टाकली. जागतिक आरोग्य संघटनाही स्वतपासणीकडे जागरूकतेचा भाग म्हणून बघते, स्क्रीनिंग म्हणून नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून चहा प्यायला गेले. आपण जे बनवतोय ते कशासाठी मग?

मग मुंबईचा अभ्यास वाचला. टाटा मेमोरियलचा, डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांचा. १९९८ मध्ये सुरू झाला, मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. इथे स्वतपासणीवर भरवसा नव्हता. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका, डॉक्टर नव्हे, दर दोन वर्षांनी येऊन हाताने तपासायच्या. वीस वर्षं पाठपुरावा, २०२१ मध्ये निकाल. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. मॅमोग्राफीचं मशीन नाही, नुसते शिकलेले हात आणि त्यांच्यामागे पक्की व्यवस्था.

व्यवस्था. शब्द बारीक आहे, पण सगळं त्यात आहे.

आपल्याकडे २०१६ पासून सरकारी नियम आहे की ३० ते ६५ वयाच्या बायकांची छातीची तपासणी दर पाच वर्षांनी प्रशिक्षित सेविकेने करायची. प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, कधी तरी छातीची तपासणी झालीय का. हो म्हणणाऱ्या ०.९ टक्के. शंभरात एकही पुरी नाही. आणि २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला साधारण १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर होतो, आणि ९८ हजार जातात.

म्हणजे शांघायचा निकाल वाचून 'सोडा मग' म्हणायला आपण शांघाय नाही. पण 'दर महिन्याला तपासा आणि निश्चिंत व्हा' म्हणायलाही जागा नाही. मग ॲपने काय शिकवायचं?

याचं उत्तर मला माझ्या मोठ्या आत्याने दिलं. तिला चार वर्षांपूर्वी गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो झाली, आता बरी आहे. मी तिला धडा दाखवायला घेऊन गेले. तिने चष्मा लावून पूर्ण बघितला, काखेसकट सगळं रंगवलं. मग म्हणाली, "चांगलं केलंयस गं. पण गाठ मला सापडलीच होती की. अंघोळ करताना. कुणी शिकवावं लागलं नाही."

मला माहीत नव्हतं. घरात सगळ्यांना वाटत होतं की डॉक्टरकडे गेली तेव्हाच कळलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. ताईचं लग्न होतं. म्हटलं ते होऊ दे. मग पाहुणे. मग वाटलं, सांगायचं कुणाला? तुझ्या मामंजींना काय सांगू, इथे हात लावून बघा म्हणून? आठ महिने काढले." आणि म्हणाली, "शोधायला शिकवू नकोस मला. सांगायला शिकव."

मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी टीमला म्हटलं, धडा उलटा करू. तपासणीचा भाग लहान, त्यानंतरचा मोठा.

यावर बरंच भांडण झालं. पैसे देणाऱ्या संस्थेला महिन्याची आठवण करून देणारी सूचना हवी होती, आणि सलग किती महिने केलं त्याची माळ, भाषा शिकवणाऱ्या ॲपमध्ये असते तशी. अहवालात छान दिसतं ते: इतक्या हजार बायकांनी इतके महिने तपासणी केली. मी म्हटलं, शांघायमध्ये याच्यापेक्षा कडक माळ होती, मोजून झालीय. आणि एखाद्या बाईचा महिना चुकला तर तिला अपराधी कशाला वाटू द्यायचं, कॅन्सर झाला तर 'मीच तपासलं नाही' असं वाटायला? आठवणीची सूचना ठेवली, पण हवी तर लावायची. माळ काढली. मोजायचं काय, तर वेगळं जाणवल्यापासून दाखवायला किती दिवस लागले. हा आकडा मिळवायला वेळ लागतो, छोटा असतो, आलेखात सुंदर दिसत नाही. मला तोच हवाय.

मग बनवलं काय, ते सांगते.

धडा शेवटी विचारतो, काही वेगळं वाटलं का? 'हो' म्हटलं की चित्रावर जागा दाखवायची. बोट ठेवलं की तिथे खूण होते, तारीख लागते. मग एक चित्र तयार होतं: रेखाचित्र, खूण, तारीख, आणि खाली दोन ओळी, 'इथे गाठ लागते. कृपया तपासा.' हे चित्र बाईने दाखवायचं, बोलायचं काही नाही. आशाताईला, नर्सला, डॉक्टरला, पाहिजे तर नवऱ्याला किंवा लेकीला. एका आशाताईंनी सांगितलं, एक बाई दारात आली, फोन पुढे केला आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. ताईंनी चित्र पाहिलं आणि तिला आत घेतलं. पुढे सोनोग्राफीत ती साधी पाण्याची गाठ निघाली, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ती बाई आली होती.

त्यानंतरचा पडदा पुढे काय होतं ते सांगतो, कारण भीती तिथेच असते. आधी डॉक्टर हाताने बघतील. मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, तरुण बाईला साधारण आधी सोनोग्राफी. संशय असेल तर सुईने तुकडा काढून तपासतात. 'सुई लावली की पसरतो' असं गावोगाव ऐकलं आम्ही, म्हणून आवाज स्पष्ट म्हणतो की या भीतीने सुई टाळू नका, त्याशिवाय गाठ कसली ते कळत नाही आणि उपचार ठरत नाहीत. जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, तेही आशाताई आधीच भरून ठेवतात.

फोन सामायिक असतो हेही धरलं. त्याच पाहणीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या बायका निम्म्याहून थोड्याच जास्त होत्या, ५४ टक्के. म्हणून आमच्या चिन्हावर गुलाबी फीत नाही, साधी पणती आहे. काही साठवायचं की नाही हे बाई ठरवते. आणि इंटरनेटशिवाय चालतं. ही सगळी कामं कंटाळवाणी आहेत, त्यावर कुणी कॉन्फरन्समध्ये भाषण देत नाही, पण वेळ त्यातच गेला.

बार्शीचं एक सांगते. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीची माणसं गावोगाव जायची, बायकांशी बोलायची, लक्षणं सांगायची. पुढे दिसलं की त्या भागात गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागले. आजार वेगळा, पण कुणीतरी दारात येऊन विचारत होतं, एवढंच. आमचं ॲप त्या माणसाच्या जागी नाही. ते त्या माणसाच्या पिशवीत आहे.

मागच्या भागात विषय जाहीर केला होता, त्यावर तुमचे काही प्रश्न आलेत. पटापट घेते.

'माझं वय २२ आहे, मला हे हवं का?' या वयात कॅन्सर फार क्वचित होतो, गाठी मात्र होतात, बहुतेक साध्या. आपलं नेहमीचं काय आहे ते ओळखून ठेव, नवीन काही टिकून राहिलं तर दाखव. घरात आई, मावशी, आत्या, आजी यांच्यात लहान वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर मात्र डॉक्टरांना ते मुद्दाम सांग, अशा घरात तपासण्या लवकर आणि वेगळ्या असतात.

'पुरुषांना होतो का?' होतो. शंभर रुग्णांत साधारण एक. बोंडामागे कडक गाठ लागली तर तेच, दाखवायचं.

'पाळी थांबलेल्या बाईने कधी बघायचं?' कोणताही एक दिवस ठरवायचा. आमच्या एका गटाने संकष्टी ठरवलीय. उपास असतो, लक्षात राहतो.

'आईला हे कसं सांगू?' हा प्रश्न एका मुलाने पाठवलाय. तू सांगू नकोस, तिला विचार. "आई, आशाताई किंवा नर्स कधी छाती तपासायला आल्या होत्या का?" एवढंच. उत्तर बहुधा नाही येईल. मग म्हण, उपकेंद्रात होते ती तपासणी, तिसाच्या पुढच्या बायकांची, मी सोडतो गाडीवर. आणि बाहेर थांब. आत ती आणि नर्स बघून घेतील.